गुरे चरू द्यावीत की नाही?

विद्यार्थिमित्रांनो, एक कोडे घालतो. दोन गावांनी एकच नियम केला. पहिल्या ठिकाणी त्या नियमामुळे उजाड डोंगर हिरवा झाला. दुसऱ्या ठिकाणी त्याच नियमामुळे पक्ष्यांनी भरलेला तलाव गवताखाली बुजू लागला. नियम होता चराईबंदीचा. मग नियम चांगला म्हणायचा की वाईट?

हे कोडे केवळ डोक्याला व्यायाम म्हणून घातलेले नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्वेला, नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या कडेला, नाथसागराचे पाणी पसरलेले आहे. त्या काठावर गुरेही चरतात आणि हजारो मैलांवरून आलेली पाखरेही उतरतात. तेथे काय करावे, हे ठरवायचे असेल तर आधी हे कोडे सुटले पाहिजे. आपण ते पायरीपायरीने सोडवू.

हिवरे बाजारचा डोंगर

पहिले गाव आपल्याच जिल्ह्यातले, नगर तालुक्यातले हिवरे बाजार. येथे वर्षाला साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. डोंगरावरची झाडे तुटली होती, गवताचे कोंब वर येताच गुरे-शेळ्या ते खुडत होत्या. श्री. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. त्यानंतर गावाने जे नियम स्वीकारले त्यांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे दोन होते. जोडीला डोंगरउतारावर समपातळी चर खणले, झाडे लावली, बांध घातले.

गुरे विकून टाका, असे मात्र गावाने सांगितले नाही. गुरांनी डोंगरावर जायचे नाही. माणसाने विळा घेऊन जायचे आणि गवत कापून गोठ्यात आणायचे, एवढेच ठरले. त्याचा परिणाम असा नोंदला गेला आहे की २००० साली गावात सुमारे १०० टन गवत निघाले होते, ते २००४ साली सुमारे ६००० टनांवर गेले. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध काही हजार लिटरांवर पोहोचले. आज हे गाव पाहायला देशभरातून माणसे येतात. येथे चराईबंदीने गुरांचेच भले केले.

भरतपूरचा तलाव

आता दुसऱ्या ठिकाणी जाऊ. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव घना नावाचे पक्ष्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण आहे. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग उथळ पाण्याचा. हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध घातला गेला. पुढे संस्थानिकांनी पाणी खेळवून येथे बदकांच्या शिकारीची जागा तयार केली. पाणी, पाखरे आणि आसपासच्या गावांच्या म्हशी, तिन्ही येथे पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदत होती.

१९८१ साली या जागेला राष्ट्रीय उद्यान करण्याचा निर्णय झाला. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारणे कायद्याने मना आहे. त्यानुसार नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकदम बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, संघर्ष झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले. म्हशीला चारा मिळावा की नाही, या प्रश्नावर माणसे मेली, हे आपण विसरता कामा नये.

त्या वेळी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ तेथे दीर्घ अभ्यास करीत होते. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली १९८० ते १९९० अशी दहा वर्षे निरीक्षणे झाली. म्हणजे बंदीपूर्वीचीही माहिती हाती होती आणि नंतरचीही. गुरे गेली म्हणजे पाखरे वाढतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. खुद्द डॉ. सालिम अली यांचाही चराई बंद करण्याला पाठिंबा होता. घडले ते वेगळेच. पॅस्पालम डिस्टिकम नावाचे एक पाणगवत म्हशी आवडीने खात असत. खाणारे तोंड नाहीसे झाल्यावर ते गवत बेसुमार माजले. त्याच्या दाट गाद्यांनी मोकळे पाणी झाकून टाकले. पाण्याखाली सूर्यप्रकाश पोहोचेना. बदकांना पोहायला, मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना सूर मारायला जागा उरेना. उद्यानाला म्हशींची मर्यादित गरज आहे, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांना काढावा लागला. पुढे गावकऱ्यांना आत येऊन हाताने गवत कापून नेण्याची मुभा देऊन हे काम काही प्रमाणात करून घेण्यात आले.

विज्ञानाच्या दृष्टीने या गोष्टीत फार मोलाचे काही आहे. अपेक्षा उलटी ठरली, आणि नोंदी प्रामाणिकपणे ठेवलेल्या होत्या म्हणूनच ते कळले.

एकाच नियमाची दोन फळे का?

उत्तराचा पहिला भाग तुम्हांला जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात मिळेल. वनस्पतीला पाणी, प्रकाश, नत्र, स्फुरद असे बरेच काही लागते. त्यांपैकी जी गोष्ट गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते, तीच वाढीची मर्यादा ठरवते. उरलेल्या गोष्टी कितीही असोत.

हिवऱ्याच्या उतारावर कमी पडत होते पाणी. ऊन मुबलक होते, पण माती उघडी पडल्याने पाऊस वाहून जात होता. गवत सावकाश वाढत होते आणि गुरे त्याहून वेगाने खात होती. बंदीमुळे गवत टिकले, गवताने पाणी धरले, त्या पाण्याने आणखी गवत आले.

भरतपूरच्या उथळ तलावात पाणी भरपूर आणि गाळात पोषकद्रव्येही भरपूर. तेथे कमी पडतो तो प्रकाश. जी वनस्पती सर्वांत वर पसरेल ती खालच्या सर्वांचे ऊन अडवते आणि एकटीच माजते. अशा ठिकाणी कोणीतरी वरचा थर सतत खुडत राहिले तरच खालच्यांना ऊन मिळते. ते काम म्हैस करीत होती.

दुसरा भाग दाबाचा आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. समजा एका म्हशीचे वजन ४५० किलो आहे आणि तिच्या प्रत्येक खुराचा तळ ९० चौरस सेंटिमीटर आहे. चारही खूर टेकून ती उभी असेल तर ४५० भागिले ३६०, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलो भार पडतो. आता ४५ किलोचा एक विद्यार्थी घ्या. त्याचे एक पाऊल १५० चौरस सेंटिमीटरचे धरले तर ४५ भागिले ३००, म्हणजे फक्त ०.१५ किलो. म्हशीच्या पायाखालचा दाब आठपट झाला! ती चालू लागली की खूर उचलले जातात आणि दाब आणखी वाढतो.

हा दाब कोरड्या उतारावर पडला तर माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, वाहून जाते. तोच दाब ओल्या गाळावर पडला तर खूर रुततो, गवताची गादी फाटते आणि लहान लहान खळगे तयार होतात. त्यांत पाणी साचते, किडे-अळ्या वाढतात आणि त्या टिपायला शेकाट्या, तुतारी, धोबी असे पक्षी येतात. गाय बगळ्याचे तर नावच बोलके आहे. गुरे चालताना गवतातले टोळ उडवतात, त्यामुळे एकट्याने शोधणाऱ्या बगळ्यापेक्षा गुरांमागून चालणाऱ्या बगळ्याला कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते.

शेण कोठे पडते?

तिसरा भाग हिशोबाचा आहे. गाय म्हणजे पोषकद्रव्यांची चालती गाडी. ती एका ठिकाणी खाते आणि दुसऱ्या ठिकाणी टाकते. म्हणून विचारायचे ते असे : गाडी कोणत्या दिशेने चालली आहे?

मध्यम आकाराची गाय दिवसाला साधारण ६ किलो सुका चारा खाते आणि १२ किलोच्या आसपास ओले शेण टाकते, असे धरू. ती दिवसभर तलावाच्या गाळावर चरली आणि रात्री गावातल्या गोठ्यात बसली, तर निम्मे शेण, म्हणजे ६ किलो, रोज गावाकडे येते. अशा १०० गायी, १२० दिवस. ६ × १०० × १२० = ७२,००० किलो, म्हणजे ७२ टन. ओल्या शेणात नत्राचे प्रमाण अर्धा टक्का धरले तर ३६० किलो नत्र तलावाच्या काठावरून शेतात गेले. युरियाच्या ४५ किलोच्या सुमारे १७ गोण्या झाल्या. तलावाचा जादा खुराक कमी झाला आणि शेतकऱ्याला खत मिळाले.

हीच गाडी उलटी चालवून पाहा. गोठ्यात उसाचे वाढे आणि सरकी पेंड खाऊ घातली आणि दुपारी गुरे पाण्यात डुंबायला सोडली, तर शेतातले नत्र-स्फुरद पाण्यात उतरते. मग शेवाळ माजते, जलपर्णी फोफावते, रात्री पाण्यातला प्राणवायू कमी पडून मासे गुदमरतात. गाय तीच, तलाव तोच. फळ मात्र उलटे.

आता नाथसागराकडे

पैठणचा जायकवाडी प्रकल्प गोदावरीवर उभा आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. जलाशयाची एकूण साठवण सुमारे २९०० दशलक्ष घनमीटर आणि पाण्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा : सरासरी खोली अवघी ८ मीटरांच्या आसपास येते. एवढ्या पसरट जलाशयाचे काठ मंद उताराचे असतात. उतार ५०० मीटरला १ मीटर असेल तर पाणी १ मीटरने खाली गेले की काठ अर्धा किलोमीटर मागे सरकतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असा काठ सतत सरकत राहतो आणि मागे ओला, सुपीक गाळ उघडा पडतो. गावकरी त्यावर जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. उरलेल्या जागी गवत उगवते.

हा काठ म्हणजेच पाखरांची खाणावळ. तेथे रोहित येतात, चक्रवाक येतात, थापट्या आणि तलवार बदके येतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हा हंस तर गाईसारखाच गवत चरतो. त्याला उंच, राठ गवत चालत नाही. आखूड आणि लुसलुशीत कोंब लागतात. ठरावीक प्रमाणात गुरे चरून गेलेले कुरण त्याच्या सोयीचे असते.

१९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्य घोषित करण्यात आले. येथे कायद्यातला एक फरक ध्यानात घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात चराईला मनाई आहे. अभयारण्यात मात्र मुख्य वन्यजीव रक्षकाला वन्यजीवांचे हित पाहून चराईचे नियमन, नियंत्रण किंवा बंदी करता येते. भरतपूरला मोजमाप करून मार्ग काढण्याची वाट कायद्यानेच बंद होती. नाथसागरावर ती वाट उघडी आहे.

पण मोजमाप करायचे म्हणजे काय? उदाहरण घेऊ. समजा एक हेक्टर गाळावर चार महिन्यांत ४ टन सुका चारा तयार होतो. निम्मा हंसांसाठी, किड्यांसाठी आणि मातीसाठी ठेवला. उरला २००० किलो. एका गाईला १२० दिवसांत ७२० किलो लागतो. म्हणजे हेक्टरी दोन, फार तर तीन गायी. दहा गायी सोडल्या तर साधारण महिन्याभरातच हा वाटा संपेल आणि पुढे माती उघडी पडू लागेल. एकही सोडली नाही तर गवत राठ होईल. खरा आकडा प्रत्यक्ष गवत कापून, वाळवून, तोलूनच काढावा लागेल, पण रीत हीच.

आकड्याबरोबर जागा आणि काळही पाहावा लागतो. टिटवी, आर्ली यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. उन्हाळ्यात त्यांच्या वीणीच्या पट्ट्यात कळप शिरला तर खुराखाली अंडी फुटतात. कळपाबरोबरची कुत्री उरलेले काम करतात. म्हणून तेवढे पट्टे त्या महिन्यांत राखून ठेवावे लागतील. शिवाय गुरे सगळेच तण खात नाहीत. बेशरमीच्या झुडपांना ती तोंड लावत नाहीत. भोवतालचे गवत खाल्ले गेल्याने बेशरमीला रान मोकळे मिळते. ती माणसालाच उपटावी लागेल.

पाहुण्यांचा पैसा

एवढे नियम गुराख्याने का पाळावेत? धरणाखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना पाखरांसाठी आणखी सोसा म्हणणे न्यायाचे नाही. पाखरे टिकली तर त्यांच्या घरात चार पैसे आले पाहिजेत. हे शक्य आहे, याची उदाहरणे आहेत.

भरतपूरला सायकलरिक्षा चालवणारेच पक्षी ओळखायला शिकले आणि पर्यटकांचे वाटाडे झाले. आपल्या शेजारी, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांना रोहित दाखवायला नेतात. सकाळी जाळे आणि मग पाहुणे, असा दुहेरी धंदा तेथे उभा राहिला आहे. गोदावरीवरच वरच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वर आहे. २०२० साली त्याची महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषणा झाली आणि तेथेही गावातले तरुण वाटाड्याचे काम करतात.

गुरे, पर्यटक आणि रानातली जनावरे या तिघांना एकाच मालकीच्या जमिनीवर नांदवण्याचा मोठा प्रयोग दक्षिण अमेरिकेत चालू आहे. ब्राझीलमधील पांतानाल हा पाणथळ प्रदेश सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मा. त्यातली बहुतेक जमीन खासगी पशुपालकांची आहे आणि तेथे दोनशेहून अधिक वर्षे गुरे चरत आली आहेत. पावसाळ्यात मैदान बुडते, उन्हाळ्यात गवत येते. तेथला जॅग्वार हा मोठा वाघरू वासरे मारतो, म्हणून पूर्वी पशुपालक त्याला गोळी घालीत. १९८० च्या दशकापासून मिरांडाजवळच्या कायमान या कुरणासारख्या काही ठिकाणी मालकांनी पाहुण्यांसाठी निवास बांधले. जॅग्वार पाहायला लोक दूरवरून येऊ लागले, तेव्हा जिवंत जॅग्वारची किंमत मेलेल्या वासराहून जास्त ठरली.

तेथूनही एक सावधगिरीचा धडा मिळतो. गुरे वाळके गवत खातात, म्हणून वणवे लागत नाहीत, असे तेथे पुष्कळजण म्हणत. २०२० च्या कडक दुष्काळात पांतानालचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग जळाला. गुरे होती, पण पाणी नव्हते. गुरे हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे.

पाहुण्यांनाही मात्रा असतेच. होडी फार जवळ नेली की रोहितांचा थवा उडतो. उडण्यासाठी पक्ष्याला विश्रांतीच्या कितीतरी पट ऊर्जा खर्चावी लागते. ती त्याने चिखल गाळून कणाकणाने मिळवलेली असते. दिवसातून पाच वेळा उडवलेला पक्षी दुसरी जागा शोधतो, आणि मग होडीवाल्याचाही धंदा बुडतो.

तुम्ही काय करू शकता?

कोड्याचे उत्तर आता तुमच्या हाती आले आहे. नियम चांगला की वाईट, हे जमिनीला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. आणि जमिनीला विचारण्याची रीत म्हणजे प्रयोग.

आपल्या गावच्या गायरानात किंवा पाझर तलावाच्या काठी, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन आणि शिक्षकांना बरोबर घेऊन, दोन मीटर लांब-रुंद असा एक चौकोन आखा. त्याला काट्यांचे कुंपण घाला, म्हणजे गुरे आत शिरणार नाहीत. शेजारीच तेवढाच एक चौकोन उघडा ठेवा. दर पंधरा दिवसांनी दोन्ही चौकोनांत गवताची उंची मोजा, किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते मोजा, किती माती उघडी आहे त्याचा अंदाज घ्या. सकाळी अर्धा तास लांब बसून भोवतालच्या पाखरांची नोंद करा. ओल्या मातीतला गाईच्या खुराचा ठसा आलेखाच्या कागदावर उतरवून त्याचे क्षेत्रफळ काढा आणि दाबाचे गणित खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा.

वर्षभर नोंदी ठेवा. कोरड्या माळावरच्या शाळेला एक उत्तर मिळेल, नेवासे-शेवगावच्या काठावरच्या शाळेला कदाचित दुसरे. दोन्ही शाळांनी आपल्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. उद्या गावसभेत चराईचा विषय निघाला, तर त्या वह्या घेऊन जा. भरतपूरला बंदीच्या आधी कोणी तेवढे केले असते, तर कदाचित गोळी झाडण्याची वेळ आली नसती.